कोऱ्या पाण्याचं रीडिंग

३ जानेवारी १९८९, मंगळवार

आजवर स्वतःच्या हातानं बनवलेलं: व्हॉल्व्हचे रेडिओ, तीन. मिक्सरच्या मोटारीवर चालणारं सेंट्रिफ्यूज. कॉलेजच्या केमिस्ट्री विभागात अजून फिरतं, सुरू करताना एकानं वर हात दाबून धरावा लागतो एवढंच. सरूसाठी पापडाचं यंत्र (पापड चौकोनी येतात, चवीत फरक नाही). विजेचा बंब, एकदा चालला. मुख्तारच्या घड्याळाच्या दुकानाला चोरघंटा; चोर आला नाही, म्हणजे चालते. आणि काल पूर्ण झालेला प्रकाशमापी.

प्रकाशमापीचं वर्णन लिहून ठेवतो, पुढं लोक विचारतील. सागवानी पेटी, आतून काजळी आणि सरस. झाकणाच्या कडेला मखमलीची दुहेरी पट्टी. आत उजेड मोजणारी नळी, चिकलठाण्याच्या भंगारातली. मुख्तारनं आणून दिली. तो तिला बल्ब समजत होता. वर शंभर रेघांचा मीटर. काजव्याला लाज वाटेल इतक्या कमी उजेडालाही सुई हलते. आणि पेटी बंद असेल तर भर दुपारी उन्हात ठेवा, एक रेघ हलणार नाही. ठेवून पाहिली.

शिक्षण: नववी, कन्नड गावात. बाकी सगळं स्वतः.

संकल्प: डायरीत फक्त फॅक्ट. तक्रार नाही, सबब नाही.

सरूनं विचारलं, माझी लग्नातली मखमली पिशवी कुठाय. पेटीचं झाकण लावून घेतलं.

५ जानेवारी, गुरुवार

कॉलेजात गेलो. मागच्या दारानं, स्टोअरमधून. वीस वर्षं झाली त्यांची यंत्रं दुरुस्त करतोय, पण पुढच्या दारानं एकदाही गेलो नाही. तिथला शिपाई विचारतो, काय आणलं? माणूस आलाय हे त्याला दिसत नाही.

केमिस्ट्रीच्या फहमिदा मॅडमनी काम समजावलं. मला आधीच समजलं होतं, तरी ऐकून घेतलं. कॅल्शियम, मॅग्नेशियम, जस्त अशा धातूंची पेरॉक्साइडं असतात, पांढरी पूड. पाण्यात टाकली की ऑक्सिजन सुटतो. पण आपण श्वासात घेतो तो शहाणा ऑक्सिजन नव्हे. हा चिडका, भेटेल त्याला चावतो आणि क्षणात गायब. म्हणून पकडता येत नाही. मात्र त्याला ल्युमिनॉल नावाचं औषध चावायला दिलं तर चावताना निळा उजेड पडतो, डोळ्याला दिसेल न दिसेल असा. तो उजेड मोजला की चिडका ऑक्सिजन मोजला. ("चिडका" हा शब्द माझा. मॅडमचा फार लांब होता.)

परदेशी मशीन कॉलेजला परवडत नाही. सात मार्चला तिथं परिषद आहे, पुण्या-हैदराबादेहून लोक येणार. माझं यंत्र चाललं तर मॅडमच्या पेपरवर त्यांच्या नावाशेजारी माझं नाव छापलं जाईल, आणि मी स्टेजवर खुर्चीत बसेन. पुढच्या दारानं जाऊन.

मॅडमनी ल्युमिनॉलची बाटली दिली आणि तीन सूचना. अंधार पक्का हवा. (आहे.) पाणी डिस्टिल्ड हवं. आणि प्रत्येक वेळी आधी "ब्लँक" घ्या, म्हणजे पेरॉक्साइड न घालता नुसत्या कोऱ्या पाण्याचं रीडिंग. मी मान हलवली. डिस्टिल्ड म्हणजे मेलेलं पाणी, नवशिक्यांसाठी ठीक आहे. आणि ज्यात काही घातलंच नाही त्यात मोजायचं काय?

९ जानेवारी, सोमवार

न्हाणीघराचं डार्करूम केलं. खिडकीला गोधडी, दाराला गोधडी. दोन्ही सरूच्या माहेरच्या, दाट शिवणीच्या. सासूबाईंच्या हातचं काम पहिल्यांदाच उपयोगी पडलं.

कॅल्शियम पेरॉक्साइड स्वतः बनवलं. करीमच्या पानटपरीवरचा चुना आणि मेडिकलमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड. चुना पावशेर मागितला तेव्हा करीमनं विचारलं, कडूभाई, पान किती मोठं लावताय?

पाणी सोसायटीच्या टाकीचं, नळातून थेट. ल्युमिनॉल घातलं, पूड घातली, झाकण लावलं. सुई चार रेघांवर. पुन्हा केलं, चार. तिसऱ्यांदा, चार. फार कंटाळवाणं. बहुतेक माझ्या नाडीचे ठोके पेटीला लागत असावेत. दखल घेण्याजोगं नाही.

१० जानेवारी, मंगळवार, सकाळी ९

सुई शंभराला!!

टोकाला जाऊन टकटक वाजली. तेच पाणी, तोच चुना, तीच पेटी. बाहेर येऊन सरूला सांगितलं. ती म्हणाली, चहाला ब्लीचिंग पावडरचा वास मारतोय, त्या फकिराला सांगा जरा कमी टाकत जा. (फकिरा आमच्या सोसायटीचा वॉचमन. दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी टाकीवर चढतो आणि डबाभर पावडर ओततो.) मी म्हणालो, आज विज्ञानाचा दिवस आहे, चहाचा नव्हे.

दुपारी पुन्हा शंभर. आंघोळ राहिली, सरूची.

१२ जानेवारी, गुरुवार

चार रेघा. बेकार दिवस.

१३ जानेवारी, शुक्रवार

शंभर!

१७ जानेवारी, मंगळवार

शंभर. आता शंका नाही. धातू श्वास घेतात. दोन-तीन दिवस दम साठवतात आणि मंगळवारी, शुक्रवारी सोडतात. मधल्या दिवशी चार रेघांची नुसती धुगधुगी. जगात हे कुणाच्या लक्षात आलेलं नाही, कारण जगात सगळे डिस्टिल्ड पाणी वापरतात.

नाव ठरवलं: "कडूबा श्वास-नियम".

मुख्तारला शहागंजात जाऊन सांगितलं. तो डोळ्याची काच न काढता म्हणाला, वा कडूभाई, मंगळवार तुमचा, जुम्मा आमचा, चुना बडा समझदार निकला. दोन्ही घरचं राखतोय. मी समजावलं की याचा वारांशी संबंध नाही, हा कालचक्राचा प्रश्न आहे. तो म्हणाला, व्हय, आणि घड्याळात चावी भरायला लागला.

२६ जानेवारी, गुरुवार

झेंडावंदन. जिलेबी. सोसायटीचे चेअरमन आप्पासाहेब यांचं भाषण, लई लांब. कार्यक्रमासाठी काल फकिराकडून टाकी धुऊन घेतली आणि आज सकाळी नवीन पावडर टाकायला लावली.

न्हाणीत गेलो. गुरुवार असून शंभर!

हे नियमात बसत नाही. तासभर विचार केला. कारण सापडलं: थंडीची लाट. थंडीत माणसालाही दम लवकर लागतो. मुख्तार म्हणाला, प्रजासत्ताक दिन आहे, धातूंनी सलामी दिली असेल. हा माणूस घड्याळातच राहणार.

२ फेब्रुवारी, गुरुवार

कॉलेजात आकडे दाखवले. मॅडम बराच वेळ बघत राहिल्या. मला वाटलं भारावल्या. मग म्हणाल्या, कडूबाभाऊ, ब्लँकचे आकडे कुठं आहेत? मी म्हणालो, मॅडम, रिकाम्या ताटाची चव कोण घेतं? त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, ब्लँक नसेल तर शंभर म्हणजे काहीच नाही. आणि पाणी कोणतं वापरता? मी म्हणालो, उत्तम.

घरी येऊन सरूला सांगितलं, शिकलेल्या बाईचं डोकं बघ. तर सरू मॅडमच्याच बाजूला गेली. म्हणाली, दुकानात तेल आणायला जाते तर वाणीसुद्धा आधी रिकामा डबा तोलून त्याचा धडा करतो, मग तेल ओततो. नाय केला तर डबाच तेलाच्या भावात घ्यायचा का? मी म्हणालो, किराणा आणि केमिस्ट्री यांत फरक असतो. ती म्हणाली, असल. मला न्हाणी पायजे.

संकल्प: उद्या ब्लँक घेणे. वाद मिटेल.

३ फेब्रुवारी, शुक्रवार

सुई शंभराला होती. अशा दिवशी ब्लँकसारख्या गोष्टीत ल्युमिनॉल वाया घालवणं बरोबर नाही. सोमवारी.

८ फेब्रुवारी, बुधवार

सोमवारी मेहुणी आली होती, न्हाणी मोकळी नव्हती. काल पुन्हा शंभर, म्हणून नाही. आज मूड नाही. ब्लँक रविवारी नक्की.

करीमच्या भावाकडे पितळी पट्टी कोरायला टाकली: "कडूबा श्वास-नियम, शोध १९८९". तो विचारत होता, नियमाला ऱ्हस्व का दीर्घ. लोकांना बारकाव्याची कदर नाही म्हणतात, इथं बघा.

२० फेब्रुवारी, सोमवार

पट्टी पेटीवर बसवली. चार स्क्रू, चारही एका रेषेत. ब्लँक राहिलं. मुद्दा असा की पट्टी लागल्यावर आता घेतलं तर त्याला काय अर्थ?

मुख्तारच्या मेहुण्याचा कोट मापाला आणला. बाह्या दोन बोटं लांब. स्टेजवर बसल्यावर हात मांडीवर ठेवले की कळत नाही. आरशासमोर बसून पाहिलं. सरू म्हणाली, आरशासमोर खुर्ची ठेवलीत, ती पाटा-वरवंट्यावर पडली तर? पडली नाही.

६ मार्च, सोमवार

उद्या मंगळवार. परिषद आणि श्वासाचा दिवस एकत्र आले. मॅडमना प्रात्यक्षिकासाठी सकाळी अकराची वेळ मीच मागून घेतली. त्यांनी पुन्हा पाण्याचं विचारलं. म्हणालो, पाणी मी घरून आणतो, त्याची काळजी नको.

पाण्याच्या बाबतीत मात्र मला कुठलीही ढिलाई चालत नाही. उद्या पाहुण्यांसमोर टाकीच्या पाण्यात कण दिसला तर नाव माझं जाईल. म्हणून संध्याकाळी फकिराला गाठलं. बजावलं की उद्या मंगळवार असला तरी मी कॅन भरेपर्यंत टाकीवर चढायचं नाही आणि पावडर-बिवडर काही टाकायची नाही. पाणी शुद्ध पाहिजे, ऐतिहासिक काम आहे. फकिरा म्हणाला, बरं झालं साहेब, गुडघा लई दुखतोय, मग शुक्रवारीच टाकतो. कामचुकार, पण आज्ञाधारक.

सगळी तयारी झाली. झोप येत नाही, ती येण्याची गरजही नाही.

७ मार्च, मंगळवार, रात्री

फक्त फॅक्ट लिहितो.

पुढच्या दारानं गेलो. शिपायानं विचारलं, काय आणलं? मी म्हणालो, स्वतःला. त्यानं रिक्षातून पेटी उतरवायला हात लावला नाही.

हॉल भरलेला. माझी खुर्ची स्टेजवर, डावीकडून तिसरी, तिला गादी होती. सगळ्या खिडक्यांना काळे पडदे. मॅडमनी माझी ओळख करून दिली: स्वतः शिकलेले, स्वतःच्या हातानं यंत्र बनवणारे. टाळ्या. मी श्वास-नियम थोडक्यात सांगितला. पुढच्या रांगेतले हैदराबादचे एक टकले प्रोफेसर शेजाऱ्याच्या कानात काहीतरी बोलले. कौतुक असावं.

कॅनमधलं पाणी घेतलं. ल्युमिनॉल. चुन्याची पूड. झाकण. सगळ्यांचं लक्ष मीटरवर.

चार रेघा.

मी म्हणालो, जरा थांबा, गर्दीमुळे लाजतोय. हशा. पुन्हा केलं, चार. तिसऱ्यांदा, चार. घामानं कोटाचं अस्तर चिकटलं. मी म्हणालो, यंत्र बिघडलं आहे.

तेवढ्यात मॅडम उठून पेटीजवळ आल्या. म्हणाल्या, कडूबाभाऊ, काय बोलताय, तीन वेळा अगदी चारच आल्या! त्यांनी स्वतःच्या बाटलीतलं डिस्टिल्ड पाणी घेतलं. नुसतं पाणी आणि ल्युमिनॉल: शून्य. सुई मेल्यासारखी. मग कॅल्शियमची पूड: चार. मॅग्नेशियम: दोन. जस्त: एकाच्या जरा खाली. पुन्हा कोरं पाणी: शून्य. पुन्हा कॅल्शियम: चार. हॉलमध्ये टाळ्या पडल्या, मघाच्या दुप्पट. टकले प्रोफेसर उठून पेटीभोवती फिरले, मखमलीच्या पट्टीला बोट लावून पाहिलं.

टाळ्या कुणाला? चार रेघांना! ज्या मी दोन महिने न्हाणीघरात फेकून देत होतो.

मी माइक मागितला आणि म्हणालो, हे काहीच नाही, घरी शंभर येतात, माझ्याकडे आकडे आहेत. मॅडमनी विचारलं, त्या दिवशी टाकीत काय टाकलेलं असतं? मी म्हणालो, काहीही नाही! फकिरा मंगळवार-शुक्रवारी ब्लीचिंग पावडर टाकतो तेवढीच, आणि आज तर मी स्वतः उभा राहून तीसुद्धा टाकू दिली नाही.

हे वाक्य संपायच्या आत हॉल हसायला लागला. टकले प्रोफेसर चष्मा काढून डोळे पुसत होते. मॅडम हसल्या नाहीत. हळू आवाजात म्हणाल्या की पावडरीतल्या क्लोरीननं ल्युमिनॉल नुसतंच पेटतं, पेरॉक्साइड असो वा नसो.

ही त्यांची थिअरी.

पेटी घेऊन मागच्या दारानं निघालो. रिक्षा तिकडं उभी होती म्हणून.

९ मार्च, गुरुवार

मॅडम स्वतः घरी आल्या. सरूनं त्यांना चौकोनी पापड दिला. त्या म्हणाल्या, असा पापड पहिल्यांदाच पाहिला, डब्यात छान मावत असेल. सरू माझ्याकडे बघून हसली, बऱ्याच दिवसांनी.

मॅडम म्हणाल्या, तुमच्या पेटीइतका पक्का अंधार आमच्या कॉलेजात कुणाला जमला नसता. कॉलेज यंत्र साडेतीन हजारांना विकत घेईल. आणि पेपरवर माझ्या शेजारी तुमचं नाव, ठरल्याप्रमाणे. अट दोन. पितळी पट्टी काढायची. आणि पेपरात एक ओळ राहील: टाकीच्या पाण्यावरचे आधीचे आकडे क्लोरीनमुळे चुकीचे होते.

मी उभा राहून सांगितलं की त्या ओळीच्या खाली माझं नाव कधीच लागणार नाही. नावच टाकू नका. त्यांनी दोनदा विचारलं, नक्की? मी दोनदा नक्की म्हणालो. त्या म्हणाल्या, यंत्राचा निधी महिनाअखेरपर्यंत आहे, विचार करा.

त्या गेल्यावर सरूनं दोन्ही गोधड्या काढून धुवायला घेतल्या. आवाजावरून आपटून धूत होती.

२४ मार्च, शुक्रवार

सरू बाजारात. फकिरा सकाळीच टाकीवरून उतरताना दिसला. न्हाणी मोकळी. गोधड्या धुऊन घडी घालून ठेवल्या होत्या, तरी लावल्या.

कोऱ्या पाण्याचं रीडिंग घेतलं. पूड नाही, चुना नाही, काही नाही. नळाचं पाणी आणि ल्युमिनॉल.

शंभर. टकटक.

भांडं घासून पुन्हा घेतलं. शंभर.

अंधारात बसून राहिलो. सरू आली, दार वाजवलं, म्हणाली, आत काय करताय? मी म्हणालो, धडा. तिनं बाजाराची पिशवी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, करा सावकाश, मी नंतर आंघोळ करीन.

२५ मार्च, शनिवार

संकल्प: मॅडमकडे जाऊन ती ओळ मान्य आहे असं सांगणे. एक ओळ ती काय. आज कॉलेज अर्धाच दिवस असेल, घाईत बोलणं बरोबर नाही.

२७ मार्च, सोमवार

रंगपंचमी झाली तरी पोरं ऐकत नाहीत. कोट दुसऱ्याचा आहे. उद्या.

२९ मार्च, बुधवार

पितळी पट्टी काढली. एक स्क्रू निघेना. एवढ्यासाठी अर्धवट पट्टीसकट जाणं शोभत नाही.

३१ मार्च, शुक्रवार

स्क्रू निघाला, संध्याकाळी.

१ एप्रिल, शनिवार

कोट न घालता गेलो. परीक्षा चालू असल्यामुळे पुढचं दार बंद, स्टोअरमधून जावं लागलं.

मॅडमना सांगितलं, ओळ मान्य आहे. त्यांनी मला बसायला स्टूल दिलं आणि चहा मागवला. मग म्हणाल्या, निधी काल संध्याकाळी संपला, मार्च एंड. शेवटच्या दिवशी स्टोअरवाल्यांनी त्यात कपाटं घेतली. आणि पेपर? पेपर सोमवारीच पोस्टात टाकला. तुम्ही दोनदा नाही म्हणालात म्हणून नाव काढलं. शेवटी आभार मात्र मानले आहेत. मी विचारलं, कसे? त्यांनी इंग्रजी वाचून मराठीत सांगितलं: उपकरणासाठी एका स्थानिक मेकॅनिकचे आभार.

चहा गोड होता. निघताना ती कपाटं पाहिली. दारं नीट बसलेली नाहीत, बिजागऱ्या स्वस्तातल्या. स्टोअरवाला म्हणाला, कडूबा, आलाच आहेस तर तेवढं बघून दे. दोन दारं बसवून दिली.

संध्याकाळी कोट परत द्यायला गेलो. मुख्तारनं माझं तोंड बघितलं. कोट घेतला आणि म्हणाला, कडूभाई, चार रेघा ज्या तीनदा येतात, त्या शंभरापेक्षा बऱ्या. घड्याळवाला आहे, त्याला पुन्हा पुन्हा तेच येण्याचं कौतुक.

४ एप्रिल, मंगळवार

सकाळी आप्पासाहेब आले, सोबत कुणी नाही, म्हणजे कामाचं बोलायचं होतं. खुर्चीत बसून घसा साफ केला. कडूबाराव, तुमच्या परिषदेची हकिकत कानावर आली, म्हणाले. हा फकिरा गुडघ्याचं निमित्त काढून पावडर टाकतो की नाही कळत नाही, आणि पावसाळ्यात कावीळ आली तर लोक माझ्या नावानं बोंबलतील. तुमचं यंत्र अगदी नेमकं सांगतं म्हणतात. तर मंगळवारी, शुक्रवारी तेवढं पाणी तपासून मला सुई कुठं आली ते कळवत जा. सोसायटी फुकट मागत नाही.

सरू आतून म्हणाली, त्याला यंत्र कशाला, चहा प्यायला या.

मी आप्पासाहेबांना स्पष्ट सांगितलं: हे यंत्र धातूंच्या पेरॉक्साइडमधला चिडका ऑक्सिजन मोजण्यासाठी बनवलेलं आहे, फकिराची हजेरी घेण्यासाठी नाही.

ते गेल्यावर सहज पाहिलं. शंभर. फकिरा आला होता.

ऑफर नाकारली. महिना चाळीस रुपये देणार होते.